धाटावला आलेली माफीची साथ

निसीम अष्टमकराने पेणला पाटी लावली, तेव्हा पहिले तीन महिने त्याच्या दारावरून कोणी सरळ गेलं नाही. लोक रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायचे, तेही मान खाली घालून. पाटीवर फक्त 'लाइफ कोच' असं लिहिलेलं, आणि पेणकरांनी 'लाइफ' हा शब्द ऐकलेला तो विम्याच्या एजंटाच्या तोंडून. एजंट आळीत शिरला की घरात बसलेला माणूससुद्धा बाहेरगावी जातो. शेवटी निसीमच्या बायकोने, नाओमीने, पाटीखाली खडूने लिहिलं: 'विमा नाही. फक्त बोलणे.' त्या दिवसापासून माणसं यायला लागली.

बसायची जागा म्हणजे चुलत्याची जुनी घाण्याची खोली. निसीम बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यानपिढ्या तेल गाळत राहिलेला मराठी यहुदी. शनिवारी यांचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. चुलता इस्रायलला गेला, बैल गेला, घाणा मोडला, पण बैलांनी साठ वर्षं फिरून पाडलेली गोल चाकोरी जमिनीत तशीच राहिली. आलेला माणूस खुर्चीत बसवला की मुका व्हायचा. त्याला चाकोरीत उभा केला की पाय आपोआप चालायला लागायचे आणि पायांमागून जीभ. साधा माणूस चार फेऱ्यांत मुद्द्यावर यायचा. शाळामास्तरांना सात लागायच्या. एक वकील आला होता, तो सव्वा तास फिरला आणि शेवटी त्यानेच निसीमला सल्ला दिला.

निसीमची सगळी विद्या दोन शब्दांत मावत होती: "बरं, मग?" हे दोन शब्द त्याने कुठल्या पुस्तकातून घेतले नव्हते. तो वाढला रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत. सकाळी मशिदीत हिब्रू (बेने इस्रायली आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणत), दुपारी शाळेत पसायदान, संध्याकाळी शेजारच्या आळीत आरतीला. आईने विचारलं की सांगायचं, फक्त टाळ्या वाजवल्या; आणि तोंड पुसून घ्यायचं. पलीकडच्या मोहल्ल्यात ईदच्या दिवशी त्याच्या वाटणीची शेवई वेगळी काढलेली असायची. आळीत ज्याला त्याला भाऊबंद, ज्याला त्याला बांधाचं भांडण. निसीमला ना बांध, ना वाटणी. त्यामुळे लोक त्याला लहानपणापासून बिनधास्त गुपितं सांगायचे. त्याच्या कानात पेरलेलं कुठल्याही भावकीत उगवायचं नाही याची खात्री होती.

पुढे दहा वर्षं इस्रायलला, अश्दोदच्या बंदरात. तिथे जेवणाच्या सुट्टीत मोरोक्कोचा माणूस आपलं दुःख अरबीत सांगायचा, रशियाचा रशियनमध्ये, रुमानियाची बाई रडूनच सांगायची. निसीमला यातलं अक्षर कळायचं नाही. तो डबा खात ऐकायचा आणि मधेमधे मराठीत म्हणायचा, "बरं, मग?" माणसं हलकी होऊन कामाला लागायची. तेव्हाच निसीमने ठरवलं की आपला धंदा हाच.

भिंतीवर हिब्रू अक्षरांचं, लाल शिक्क्याचं सर्टिफिकेट काचेत लावलेलं होतं. लोक त्याला हात लावून डोळ्यांना लावायचे. ते सर्टिफिकेट बंदरातल्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवण्याचं होतं. अख्ख्या पेणमध्ये ते वाचू शकणारं एकच माणूस, नाओमी. आणि तिचं तोंड बंद राहावं म्हणून निसीम दर शुक्रवारी धरमतरहून ताजा जिताडा आणायचा.

पण १९९६च्या ऑगस्टात जिताड्यानेही काम भागेना.

"अहो, ऐका," नाओमी मासा साफ करता करता म्हणाली. "रूबेनचा फोन आला होता."

रूबेन तिचा भाऊ. अश्दोदहून त्याचा फोन कोपऱ्यावरच्या दाजी वाण्याच्या दुकानात यायचा आणि दाजी तिथूनच हाक मारायचा, त्यामुळे अष्टमकरांकडे कोणाचा फोन आला हे अष्टमकरांच्या आधी चार घरांना कळायचं.

"काय म्हणतो?"

"संत्र्यांच्या गोदामात मोजणीदाराची जागा आहे. खोली पण मिळते. तुम्हाला तीन वर्षं झाली लोकांचं ऐकत. एक तरी पक्कं काम आहे हातात? नव्याच्या सणापर्यंत दाखवा. नाहीतर मी त्याला 'येतो' म्हणून कळवते."

नव्याचा सण म्हणजे यांचा वर्षारंभ, त्या साली गणपतीच्या दोन दिवस आधी. अश्दोदला त्याला पगार होता, फ्रिज होता, पंख्याची गरज लागू नये असा समुद्राचा वारा होता, फक्त रस्त्यात कोणी "काय निसीम, कुठं निघालास?" असं विचारत नव्हतं. दहा वर्षं माणूस रोज कुठेतरी निघायचा आणि कोणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. तो परत आला होता ते या एका प्रश्नासाठी. इथे चौकापर्यंत जायचं तर तो प्रश्न नऊ वेळा ऐकायला मिळायचा.

पंधरा दिवसांनी दारात स्कूटर थांबली. रोह्याजवळच्या धाटावमधल्या रंगाच्या एका कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर प्रणित वाळिंबे आत आले. पुण्याचे होते, चाकोरीत उभं राहायला सांगितल्यावर त्यांनी आधी बूट काढून व्यवस्थित जोडीने ठेवले.

"आमच्याकडे दोन सुपरवायझर आहेत," ते फिरायला लागले. "काळुराम म्हात्रे पहिल्या शिफ्टला, मोरू ठाकूर दुसऱ्या शिफ्टला. सात वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत."

"बरं, मग?"

"मग काय मग! शिफ्ट बदलताना कुठला व्हॉल्व उघडा, कुठला बंद, हे सांगावं लागतं. हे दोघं भिंतीवर खडूने लिहितात. गेल्या महिन्यात भिंतीला ओल आली, अक्षरं पुसली, टाकी उतू गेली."

"बरं, मग?"

"धाटावची बावीस कुत्री जांभळी झाली, अष्टमकर! त्यातलं एक रोह्याच्या बाजारात गेलं. तिथे बायकांनी त्याला कुंकू लावलं."

भांडणाचं मूळ कबड्डीत होतं. सात वर्षांपूर्वी कंपनीच्या संघाचा अंतिम सामना, शेवटची चढाई काळुरामची. तो गडी मारून परत आला आणि त्याच्याच संघातल्या मोरूने पंचाला सांगितलं, "याचा दम तुटला." कबड्डी-कबड्डी म्हणता म्हणता काळुरामने मधेच श्वास घेतला, असं त्याचं म्हणणं. एका गुणाने सामना गेला. त्या दिवसापासून काळुरामच्या लेखी मोरू मेलेला होता. फक्त रोज तीन वाजता कामावर यायचा.

"यांना बोलतं करा," वाळिंबे बूट घालत म्हणाले. "वर्षाचा करार देतो. महिन्याला सहा दिवस तुम्ही कंपनीत."

हेच ते पक्कं काम. निसीमला आईची आठवण झाली. यांच्यात नव्याच्या सणानंतर दहाव्या दिवशी दारफळणीचा सण येतो. दिवसभर दार लावून घ्यायचं, कडक उपास, प्रार्थना. पण त्याआधी ज्याचं ज्याचं वाईट केलं त्याच्याकडे जाऊन माफी मागायची. देवाचं देव बघेल. माणसाशी केलेलं माणसाकडेच जाऊन मिटवायचं. आई निसीमला कानाला धरून अष्टमीभर फिरवायची: मुल्लांकडे पेरू चोरले म्हणून, गुरुजींकडे त्यांची नक्कल केली म्हणून, तांबटांकडे काही केलं नसेल तरी केलं असेलच म्हणून. नियम दोन. 'काही चुकलं असेल तर' हे चालायचं नाही, काय केलं ते नाव घेऊन सांगायचं. आणि समोरचा नाही म्हणाला तर तीनदा मागायची. तीनदा नाकारली तर पाप नाकारणाऱ्याच्या डोक्यावर.

ऑगस्ट संपता संपता, तीनच्या ठोक्याला, दोन्ही शिफ्ट कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जमल्या. साहेबांच्या आग्रहाने सर्टिफिकेटही भिंतीवर टांगलं होतं. निसीमने दोन्ही नियम समजावले. कोणी हललं नाही. काळुराम छताकडे बघत होता, मोरू फरशीकडे.

"पहिली मी मागतो," निसीम म्हणाला, आणि एकदम त्याच्या तोंडून खरं निघून गेलं. "हे सर्टिफिकेट बोलण्याचं नाय. फोर्कलिफ्ट चालवायचं हाय. मी तुम्हाला फसवलं. माफ करा."

वाळिंबे साहेबांचा चहा बशीत सांडला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "आमची फोर्कलिफ्ट चार महिने बंद हाय. ती बघून द्या, मग माफ!" कॅन्टीन हसलं, आणि त्या हसण्यात मोरू उठून काळुरामपुढे जाऊन उभा राहिला.

"काळ्या, पंचाला मी सांगितलं. आपल्या गड्याचं सांगायला नको होतं. माफ कर."

"नाय."

"माफ कर रं."

"नाय म्हटलं ना."

"तिसऱ्यांदा मागतो. आता पाप तुझ्या डोक्यावर."

काळुरामचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्याच्या घशात अख्खा सुका बोंबील उभा केलाय. "तुझी माफी मी घेऊ कशी, भोसड्या," तो म्हणाला. "दम तुटला होता माझा."

सत्तर माणसांनी एकदम श्वास घेतला. काळुराम रडायला लागला, मोरू रडायला लागला, कॅन्टीनवाली जनी तिसऱ्या शिफ्टच्या भाजीत रडायला लागली. निसीमने मनातल्या मनात करारावर सही केली. हे इथेच थांबलं असतं तर निसीम आज मोठ्या शहरात मोठ्या ऑफिसात बसला असता.

पण काळुरामला नियम पटला होता. "आणखी एक हाय," तो म्हणाला. "सात वर्षं, दर पगाराच्या दिवशी, तुझ्या थर्मासात मी मिठाचा खडा टाकत आलो. आमच्याच मिठागराचा. माफ कर."

मोरूचं रडणं थांबलं. "तो तू होतास?" तो हळूच म्हणाला. "अरे, सात वर्षं मी मृणालीला बोलतोय! सासूला बोलावून विचारलं मी, पोरीला चहा तरी शिकवला होता का!" आणि शिफ्ट, व्हॉल्व, साहेब, सगळं तिथेच टाकून त्याने लुना काढली ती थेट कासू गावाला, घरी बायकोकडे.

मृणाली त्याचं ऐकून घेऊन म्हणाली, "महिन्यातून एक दिवस त्याने टाकलं. बाकीचे दिवस मीच टाकत होते. तुम्ही माझ्या आईला बोललात ना, तेव्हापासून." आणि तीही उठून माहेरी निघाली, कारण मीठ टाकलं नाही अशी शपथ तिने आईच्या गळ्याची घेतली होती.

तिथून पुढे ते कोणाच्या हातात राहिलं नाही. कंपनीच्या बसमध्ये माणसं तिकडची बाकं बदलून इकडे येऊन माफी मागायला लागली. ड्रायव्हरने तीनदा गाडी बाजूला घेतली, दोनदा मागण्यासाठी आणि एकदा देण्यासाठी. दूधवाल्याने नागोठण्याच्या अलीकडे दारोदार कबूल केलं की पाणी असतं, आणि ते विहिरीचंही नसतं. धरमतरच्या खाडीत ऐंशी वर्षांची एक म्हातारी होडीत बसून पलीकडे गेली आणि अठ्ठावन्न साली चोरलेल्या कोंबडीची माफी मागून आली. पलीकडची म्हातारी म्हणाली, "गो, ती कोंबडी माझी नव्हतीच, मीच चोरून आणलेली." मग दोघी मिळून तिसरीकडे गेल्या, ती वारली होती, तर तिच्या सुनेने कोंबडीही माफ केली आणि जेवायलाही घातलं. चातुर्मासातल्या एका काढीव मुहूर्तावरच्या लग्नात नवरदेवाने बोहल्यावर चढायच्या आधी एवढ्या जणांची माफी मागितली की मुहूर्त टळला आणि दुसरा काढायला आलेल्या भटजींनी पहिल्याच मुहूर्ताची माफी मागितली. पुढारी तेवढे सगळे कामानिमित्त मुंबईला गेले.

कंपनीत तीन दिवस यंत्र फिरलं नाही. वाळिंबे साहेबांच्या केबिनबाहेर रांग लागली होती आणि रांगेतला प्रत्येकजण नाव घेऊन सांगत होता, काय केलं ते. साहेबांना सात वर्षांतले सगळे हरवलेले पाने, फडकी आणि कॅन्टीनचे चमचे कळले. पहिल्या दिवशी त्यांना बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी निसीमला बोलावून घेतलं.

"थांबवा हे," ते म्हणाले. त्यांचे डोळे तांबारले होते.

आपलं कुठे चुकलं ते निसीमला तेव्हा उमगलं. अष्टमीत हे सगळं थांबायचं, कारण सण उजाडायचा आणि दार लागायचं. मागायची ती आदल्या दिवसापर्यंत. दार लागलं की विषय संपला. त्याने धाटावला माफी शिकवली, दार शिकवलंच नाही.

"साहेब, एक दिवस गेट लावून घ्या. सगळ्यांनी आपापल्या घरी बसायचं. कोणी कोणाकडे जायचं नाय."

"कंपनी बंद ठेवू?"

"ती बंदच हाय, साहेब."

साहेबांनी नोटीस लावली. एक दिवस धाटावला सगळी दारं लागली; कोणी उपास केला, कोणी नुसतंच झोपून काढलं. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि माणसं मुकाट कामावर आली. साथ उतरली.

करार मात्र झाला नाही. गणपतीच्या चार दिवस आधी वाळिंबे साहेबांनी निसीमला शेवटचा चहा पाजला. "तुम्ही त्यांना बोलतं केलंत, मान्य," ते म्हणाले. "पण काळुराम आणि मोरू आता एवढं बोलतात की शिफ्ट बदलायला दीड तास लागतो. यांना गप्प करणारा कोणी तुमच्या माहितीत आहे का?"

निसीम सर्टिफिकेट काखेत मारून एसटीने पेणला उतरला. स्टँडपासून घरापर्यंत अकरा जणांनी विचारलं, "काय निसीम, कुठनं?" त्याने अकराही जणांना नीट, थांबून उत्तर दिलं, कारण आता किती दिवस कोणी विचारणार होतं? घरी ट्रंका काढून ठेवलेल्या असणार. संत्री. एक संत्रं, दोन संत्री, तीन संत्री.

ट्रंका बाहेर नव्हत्या. स्वयंपाकघरातून भांडणाचा आवाज येत होता.

आत शेजारची चंद्रावती बसली होती. दोन्ही घरांना भिंत एकच; पण अष्टमकर इस्रायलहून परत आल्यापासून, तीन वर्षांत, तिने यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. निघून जायच्या आधी या दोघी एका चुलीवर रांधायच्या.

"सांगते ना, नाओमी गो, तीनदा मागते म्हटलं ना," चंद्रावती पदराने नाक पुसत होती. "माझा भाचा धाटावला हाय, त्याने सांगितलं, नाव घेऊन सांगायचं. तू गेलीस, तर तुझा तो चिकाचा हलवा मी आमच्या मंडळात केला. नव्याच्या सणाला तू करायचीस तो. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, समदं तसंच. पहिलं बक्षीस. बायकांनी विचारलं, कुठं शिकलीस? मी म्हटलं, सासूबाईंचा."

"तुझ्या सासूला पाणी उकळायला येत नव्हतं."

"व्हय तर! दर साली तो हलवा, दर साली बक्षीस. सासूबाईंचा फोटो लावलाय मंडळात. मग तू परत आलीस. कुठल्या तोंडाने येऊ मी?"

नाओमी पाटावर ताठ बसली होती. "आणि मी तीन वर्षं काय समजत होते, माहीत हाय? आम्ही देश सोडून गेलो, म्हणून तुम्हाला आम्ही परके झालो. भिंतीपलीकडे तुझ्या बांगड्या वाजायच्या, मी इथे कान लावून उभी. वाटायचं, अश्दोदला निदान ओळखच नव्हती, मग ती तुटल्याचं दुःख नव्हतं."

निसीम दारात खिळला. तीन वर्षं तो खोलीत लोकांना बैलासारखा फिरवत होता, आणि स्वतःच्या बायकोला 'तुला का जायचंय' एवढा एक प्रश्न त्याने विचारलेला नव्हता.

"नाओमी," तो म्हणाला, "मला पण मागायची आहे. नाव घेऊन सांगतो. मी तुला विचारलं—"

"तुम्ही मागे रांगेत," नाओमी म्हणाली. तिने मान वळवली नाही. "चंद्रावती, हलव्यात वेलची किती घातलीस?"

"वेलची नाय. जायफळ."

"जायफळ?" नाओमी उभी राहिली. "चिकाच्या हलव्यात जायफळ? हलवा चोरलास ते माफ. सासूचा म्हणालीस ते पण माफ. पण जायफळ घालून दहा वर्षं बक्षीस घेतलंस, याची माफी नाय!"

"दुसऱ्यांदा मागते."

"नाय."

"पंचांनाच आवडायचं गो जायफळ!"

"उद्या सकाळी गहू भिजत घाल. परवापासून माझ्यासमोर करायचा. मी सांगेन तसा. यंदा बक्षीस माझ्या नावावर, तुझ्या सासूचा फोटो उतरवायचा."

"उतरवते. पण मंडळाचा कार्यक्रम दिवाळीला असतो. तवर तू इथं असशील ना?"

नाओमीने चुलीवर चहाचं आधण ठेवलं, तीन कपांचं, आणि एक कप निसीमकडे न बघता त्याच्या दिशेने सरकवून ठेवला. एवढ्यात कोपऱ्यावरून दाजी वाण्याची हाक आली, चार घरांना ऐकू जाईल अशी.

"अष्टमकर! इस्रायलचा फोन! रूबेन विचारतोय, येताय का नाय?"

निसीमने बायकोकडे बघितलं. नाओमी खिडकीपाशी गेली.

"त्याला सांग, दुसरा माणूस बघ!" ती ओरडली. "आणि ठेव तो फोन, आत्ता कोणाला बोलावू नको. चंद्रावतीची कबुली अजून एकोणनव्वद सालातच हाय!"